एअर फोर्समधला वॉरंट ऑफिसर: ऑफिसर की जवान?

चिंचेचं_झाड

आमच्याकडे सध्या चुलतबहिणीसाठी स्थळं बघणं चालू आहे आणि एका बायोडाटावरून घरात दोन तट पडलेत. मुलाच्या वडिलांपुढे लिहिलंय: "निवृत्त, भारतीय हवाई दल, मास्टर वॉरंट ऑफिसर, ऑनररी फ्लाइंग ऑफिसर". मुलगा आयटीत, घर विश्रांतवाडीला, माणसं बोलायला सरळ. पण आमचे थोरले मामा कुठूनसं वाचून आले की वॉरंट ऑफिसर हा काही खरा ऑफिसर नव्हे. शिवाय फ्लाइंग ऑफिसर म्हणजे विशीतला पायलट, मग हे गृहस्थ साठीचे होऊन फ्लाइंग ऑफिसर कसे? म्हणजे माहिती फुगवलेली आहे, असा त्यांचा निष्कर्ष. त्यावर काकांनी ऐकवलं की मुलगी मुलाला द्यायची आहे, त्याच्या बापाच्या रँकला नाही. मामा तेव्हा गप्प बसले, पण मुद्दा घरात फिरतोच आहे.

लग्नाचा सल्ला नको, तो द्यायला नातेवाईक पुरून उरलेत. जाणकारांनी एवढंच सांगा की या रँका नेमक्या कुठे बसतात. आर्मीत सुभेदार असतो तसं काही आहे का? आणि ऑनररी म्हणजे सचिन तेंडुलकरला ग्रुप कॅप्टन केलं तसं का?

कोरडवाहू

काकांना साष्टांग नमस्कार. मामांना नुसता नमस्कार.

बाकी मला वाटतं फ्लाइंग ऑफिसर हीच ज्युनियर कमिशन्ड ऑफिसरची रँक. नावातच ज्युनियर आहे ना.

लोहगावकर

कोरडवाहू, नाही हो. तिथेच बहुतेकांची गाडी घसरते. मी एअर फोर्समध्ये एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची देखभाल करणारा, होतो, वॉरंट ऑफिसर होऊन बाहेर पडलो. सविस्तर लिहितो.

एअर फोर्समध्ये शिरायला दोन वेगळी दारं आहेत. एका दाराने कमिशन, म्हणजे अधिकारीपदाची सनद, मिळवून येतात ते ऑफिसर. हैदराबादजवळ दुंडिगलला अकादमी आहे, तिथून पासआउट झालं की पोरगं पहिल्याच दिवशी फ्लाइंग ऑफिसर. पूर्वी त्याच्या खाली पायलट ऑफिसर अशी एक पायरी होती, आता थेट फ्लाइंग ऑफिसरपासून सुरुवात. मामांना आवर्जून सांगा, फ्लाइंग ऑफिसर हे रँकचं नाव आहे, कामाचं नाही. इंजिनिअरिंगवाला, अकाउंट्सवाला, हवामान खात्याचा, सगळे सुरुवातीला फ्लाइंग ऑफिसरच. त्यातल्या कित्येकांनी कॉकपिटची खुर्ची फक्त बाहेरून बघितलेली असते.

दुसरं दार एअरमनचं. मी त्या दाराने आलो. बारावीनंतर मुंबईला कॉटन ग्रीनच्या सिलेक्शन सेंटरला परीक्षा दिली, मग बेळगावजवळ सांबऱ्याला एअरमन ट्रेनिंग स्कूल. तिथून चढण सुरू होते: एअरक्राफ्टमन, लीडिंग एअरक्राफ्टमन, कॉर्पोरल, सार्जंट. सार्जंटनंतर ज्युनियर वॉरंट ऑफिसर, त्यानंतर वॉरंट ऑफिसर आणि सगळ्यात वर मास्टर वॉरंट ऑफिसर. माझ्या आधीच्या पिढीतले लोक ज्याला फ्लाइट सार्जंट म्हणायचे, त्या जागी आता ज्युनियर वॉरंट ऑफिसर आहे.

आर्मीशी जोडायचं तर ज्युनियर वॉरंट ऑफिसर म्हणजे नायब सुभेदार, वॉरंट ऑफिसर म्हणजे सुभेदार, मास्टर वॉरंट ऑफिसर म्हणजे सुभेदार मेजर. नेव्हीत हेच चीफ पेटी ऑफिसर, मग मास्टर चीफ सेकंड क्लास आणि फर्स्ट क्लास. सातव्या वेतन आयोगात या तीन पायऱ्यांना लेव्हल ६, ७ आणि ८ दिल्या आहेत, मूळ पगार ३५,४००, ४४,९०० आणि ४७,६०० पासून. फ्लाइंग ऑफिसर लेव्हल १० वर येतो, ५६,१०० पासून. अर्थात इतकी वर्षं झालेल्या माणसाचा पगार त्या त्या लेव्हलमध्ये बराच पुढे गेलेला असतो, तेव्हा नुसते सुरुवातीचे आकडे बघून तुलना करू नका.

आता ऑनररी. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला याद्या निघतात, त्यात निवडक मास्टर वॉरंट ऑफिसरना ऑनररी फ्लाइंग ऑफिसर किंवा ऑनररी फ्लाइट लेफ्टनंट केलं जातं. आर्मीत ऑनररी लेफ्टनंट आणि कॅप्टन असतात, तेच. हे नोकरीच्या शेवटी मिळतं, म्हणून साठीचा फ्लाइंग ऑफिसर दिसला तर दचकू नये. तेंडुलकरला २०१० मध्ये ग्रुप कॅप्टन केलं तो वेगळा प्रकार. तो दलाने बाहेरच्या माणसाचा केलेला मान. हा आतल्या माणसाने तीस-पस्तीस वर्षं घासून मिळवलेला. मास्टर वॉरंट ऑफिसर मुळात थोडे, त्यातून यादीत नाव येणारे आणखी थोडे. त्या गृहस्थांनी बायोडाटात दोन्ही रँका लिहिल्यात आणि 'ऑनररी' गाळलेलं नाही, यावरून माणूस शिस्तीचा वाटतो.

चिंचेचं_झाड

लोहगावकर, फार आभार. घरच्या ग्रुपवर जसंच्या तसं टाकलं. मामांनी 'पाहिलं' एवढंच कळतंय, उत्तर आलेलं नाही.

पार्टटाइम_पंडित

माहिती चांगली आहे, पण एक गोष्ट राहिली आणि मामांच्या बाजूने कुणीतरी बोलायलाच हवं.

एअर फोर्सचा ज्युनियर वॉरंट ऑफिसर हा आर्मीच्या जेसीओच्या, म्हणजे ज्युनियर कमिशन्ड ऑफिसरच्या (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर), समकक्ष आहे. पण समकक्ष असणं वेगळं आणि तेच असणं वेगळं. आर्मीच्या नायब सुभेदाराला कमिशन असतं, आर्मी अ‍ॅक्टमध्ये ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर ही वर्गवारीच आहे. एअर फोर्स अ‍ॅक्ट १९५० मध्ये हवाई दलाच्या माणसांसाठी वर्गवारी आहे ती वॉरंट ऑफिसरची, आणि 'ऑफिसर' कोण याची व्याख्या करताना वॉरंट ऑफिसरला त्यातून स्पष्टपणे वगळलंय. तेव्हा काटेकोर बोलायचं तर मामा बरोबर आहेत.

लोहगावकर

पंडित, कायदा तुम्ही बरोबर वाचलात, पण तोच कायदा आणखी थोडा वाचा. कलम २० मध्ये नोकरीतून काढण्याचे अधिकार आहेत. एअर कमांडच्या प्रमुखाला त्याच्या हाताखालच्या माणसाला काढता येतं, मात्र ऑफिसर आणि वॉरंट ऑफिसर सोडून. वॉरंट ऑफिसरला काढायचं तर वर हवाई दल प्रमुखांपर्यंत जावं लागतं. शिक्षेच्या कलमांतही वॉरंट ऑफिसरला एअरमनच्या रांगेत उभं केलेलं नाही, त्याची सोय ऑफिसरच्या शेजारी आहे. व्याख्येत ऑफिसर नाही आणि संरक्षणात एअरमन नाही, असा तो मधला माणूस.

रोजच्या व्यवहारातही तसंच. सॅल्यूट कमिशनला असतो, त्यामुळे वॉरंट ऑफिसरला सॅल्यूट नाही. एअरमन त्याला 'सर' म्हणतात, ऑफिसर 'वॉरंट साहब' म्हणतात. आर्मीत जेसीओंचं मेस वेगळं असतं. आमच्यात सार्जंट झालात की वॉरंट ऑफिसर आणि सार्जंटच्या एकाच मेसमध्ये. नव्या सार्जंटच्या ताटाशेजारी मास्टर वॉरंट ऑफिसरचं ताट. पहिले काही दिवस घास उतरत नाही.

जुनं_पान

या फरकामागे इतिहास आहे, म्हणून थोडं अवांतर.

आर्मीचा जेसीओ हा इंग्रजांच्या काळच्या व्हाइसरॉयज कमिशन्ड ऑफिसरचा वारस. गोरा ऑफिसर आणि देशी शिपाई यांच्यामध्ये भाषा, जात, गाव हे सगळं सांभाळणारा जमादार किंवा सुभेदार लागायचा. जमादाराचं नायब सुभेदार झालं ते १९६५ मध्ये.

एअर फोर्स जन्मली ८ ऑक्टोबर १९३२ ला. पहिलं स्क्वाड्रन १ एप्रिल १९३३ ला कराचीच्या ड्रिघ रोडला उभं राहिलं, चार वापिटी विमानं, सहा ऑफिसर आणि १९ हवाई सिपाही. होय, पहिल्या एअरमनना 'हवाई सिपाही' म्हणत. पुढे हळूहळू सगळं रॉयल एअर फोर्सच्या वळणावर गेलं, आणि त्या वळणात जेसीओ नावाचा मधला थर नव्हता, वॉरंट ऑफिसर होता. आजही ब्रिटनमध्ये फ्लाइट सार्जंट आणि त्यावर वॉरंट ऑफिसर आहेत, पण त्यांना कुणी जेसीओ म्हणत नाही. आपल्याकडे तिन्ही दलांची वेतनं आणि मानमरातब एकाच तक्त्यात बसवायचे होते, म्हणून वॉरंट ऑफिसर सुभेदारांच्या ओळीत आले. पाकिस्तान आणि बांगलादेशातही हीच विभागणी. पाकिस्तानात असिस्टंट वॉरंट ऑफिसर, वॉरंट ऑफिसर, चीफ वॉरंट ऑफिसर. बांगलादेशात वॉरंट ऑफिसर, सीनियर वॉरंट ऑफिसर, मास्टर वॉरंट ऑफिसर. घर वाटलं गेलं, फडताळ तेच राहिलं.

आणि त्या पहिल्या हवाई सिपाह्यांत एक नाव विसरता येत नाही, हरजिंदर सिंग. लाहोरच्या मॅक्लेगन कॉलेजात इंजिनिअरिंग शिकलेला पोरगा सिपाही म्हणून भरती झाला, कारण विमानाला हात लावायचा तर एका भारतीयाला तेव्हा तेच दार उघडं होतं. वॉरंट ऑफिसर झाला, मग कमिशन मिळालं, आणि निवृत्त झाला तो एअर व्हाइस मार्शल म्हणून. मेंटेनन्स कमांडचा प्रमुख होता. कानपूरला अ‍ॅव्हरो ७४८ या वाहतूक विमानाची जुळणी त्याच्याच हट्टाने उभी राहिली आणि तिथलं पहिलं विमान १९६१ मध्ये उडालं. तीच मेंटेनन्स कमांड आज नागपुरात आहे.

कोरडवाहू

हे भारी आहे. वाचनखूण साठवली.

एक बाळबोध प्रश्न. सिनेमात पायलट दिसतो, फार तर पॅराशूटवाला दिसतो. वॉरंट ऑफिसर करतो काय दिवसभर? आर्मीत सुभेदार पलटणीला शिस्त लावतो हे समजतं. विमानतळावर शिस्त कुणाला लावायची?

लोहगावकर

शिस्त लावणारा एक असतोच, स्टेशन वॉरंट ऑफिसर. परेड, गार्डरूम, केस वाढलेली पोरं, बूट न चमकणारी पोरं, सगळी त्याची गिऱ्हाइकं. तो दुरून सायकलवर येताना दिसला तरी लोक टोपी सरळ करतात.

पण आमच्यासारखे टेक्निकल ट्रेडवाले वॉरंट ऑफिसर फ्लाइट लाइनवर असतात. सकाळी पहिलं काम म्हणजे ओळीने चालत डिस्पर्सलवरचा, म्हणजे विमानं उभी असतात त्या जागेवरचा, खडा न् खडा वेचणं, कारण एक खडा इंजिनात ओढला गेला की कोटींची वाट. त्यात ऑफिसर, वॉरंट ऑफिसर, एअरमन सगळे वाकतात. मग सर्व्हिसिंग. प्रत्येक विमानाची एक वही असते, एफ-७००. ज्याने काम केलं तो सही करतो, ज्याने तपासलं तो त्याखाली सही करतो, शेवटी पायलट सही करून विमान ताब्यात घेतो. ती मधली सही बहुतेक वेळा वॉरंट ऑफिसरची.

एक रात्र सांगतो, स्टेशन सांगत नाही. पहाटेचं फ्लाइंग होतं, लढाऊ विमान. अंडरकॅरेजच्या, म्हणजे चाकांच्या सांगाड्याच्या, एका जॅकपाशी हायड्रॉलिकची ओल दिसली. ओल दिसते कधीकधी, पुस्तकात मर्यादा दिलेली असते, मिनिटाला इतके थेंब चालतात. आमच्या ज्युनियर वॉरंट ऑफिसरनी ती जागा पांढऱ्या कापडाने कोरडी केली, प्रेशर द्यायला लावलं आणि टॉर्च धरून उकिडवे बसले. थेंब मर्यादेत होते. कॉर्पोरल म्हणाला, सर, मर्यादेत आहे, सही करा. ते हललेच नाहीत. पुन्हा पुसलं, पुन्हा मोजलं. मग म्हणाले, "मघापेक्षा लवकर जमतोय. मला आकडा नको, चाल बघायचीय." आणि वहीत विमान अनसर्व्हिसेबल, म्हणजे उडवण्याजोगं नाही, असं लिहिलं.

फ्लाइट लेफ्टनंट इंजिनिअर होते, नवे होते, वरून फोन येत होते. ते आले, वाकून बघितलं, एकदा वहीकडे, एकदा यांच्याकडे. रँकने ते वर, हुकूम त्यांचा. पण त्या सहीवर त्यांचा हुकूम चालत नाही. म्हणजे सही करा असं सांगता येतं, पण तसं कुणी सांगत नाही. त्यांनी वर कळवलं, दुसरं विमान लावलं. सकाळी जॅक उतरवला तेव्हा आतलं सील एका बाजूने चिरलेलं होतं.

त्या ज्युनियर वॉरंट ऑफिसरना व्याख्येत कुठे बसवायचं ते पंडितांनी ठरवावं.

पार्टटाइम_पंडित

बसवलं. पुढे बोला.

रानजाई

सगळे वॉरंट ऑफिसर जमिनीवरच असतात असं नाही, हेही नोंदवते. वाहतूक विमानांवर आणि हेलिकॉप्टरवर फ्लाइट इंजिनिअर, फ्लाइट गनर म्हणून हीच मंडळी उडतात. ८ डिसेंबर २०२१ ला कुन्नूरजवळ जनरल बिपिन रावत यांचं एमआय-१७ कोसळलं, त्यात पायलट विंग कमांडर चौहान आणि स्क्वाड्रन लीडर कुलदीप सिंग यांच्यासोबत क्रूमध्ये ज्युनियर वॉरंट ऑफिसर राणा प्रताप दास आणि ज्युनियर वॉरंट ऑफिसर प्रदीप अरक्कल होते. बातम्यांत तेव्हा 'आणि इतर' असं येत होतं.

माझा प्रश्न वेगळा. यात बाई कुठे आहे? ऑफिसर म्हणून बायका गेली कित्येक वर्षं आहेत. वॉरंट ऑफिसर बाई मी तरी ऐकलेली नाही.

लोहगावकर

रानजाई ताई, ऐकणार कुठून, नाहीच आहे. एअरमनच्या दाराने मुलींना घेणं सुरू झालं ते अग्निवीरवायूपासून, त्यांची पहिली तुकडी २०२३ च्या अखेरीस सांबऱ्याहून बाहेर पडली. ज्युनियर वॉरंट ऑफिसर व्हायला साधारण अठरा-वीस वर्षं जातात, ट्रेड आणि रिकाम्या जागांवर कमी-जास्त. तेव्हा पहिली बाई ज्युनियर वॉरंट ऑफिसर २०४० च्या आगेमागे दिसेल. तीही चार वर्षांनंतर जे २५ टक्के ठेवून घेतात त्यांत तिचा नंबर लागला तर.

खरं तर हा मुलामुलींचा दोघांचाही प्रश्न आहे. वॉरंट ऑफिसर म्हणजे शेवटी साठवलेली वर्षं. ती साठवणाऱ्यांची संख्या कमी झाली की वीस वर्षांनी टॉर्च धरून उकिडवं बसणारं कोण असेल, याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

ओहायोचा_गण्या

इथलं एक सांगतो, विषयाला धरून आहे. अमेरिकन एअर फोर्सने वॉरंट ऑफिसर हा प्रकारच १९५० च्या दशकाच्या शेवटी बंद केला. १९५८ मध्ये सार्जंटांच्या वर आणखी दोन ग्रेड तयार झाल्या, मग मधल्या माणसाची गरज काय, असा विचार. आर्मी-नेव्हीने चालू ठेवला, एअर फोर्सने नाही. आणि २०२४ मध्ये तोच पुन्हा सुरू केला, सायबर आणि आयटीसाठी. कारण काय, तर कामातला तरबेज माणूस प्रमोशन देऊन खुर्चीत बसवला की हातातलं काम सुटतं, आणि नाही दिलं तर तो कंपनीत जातो. पासष्ट वर्षांनी पुन्हा मधली पायरी बांधली.

ओझरची_सून

धागा वाचून धीर आला म्हणून विचारते. विषय थोडा भरकटेल, चालेल ना?

आमचे हे सार्जंट आहेत, टेक्निकल ट्रेड. सुरुवातीची वीस वर्षांची मुदत आता संपत आलीय, विलिंग की अनविलिंग, म्हणजे पुढे नोकरीत थांबायचं की नाही, ते लिहून द्यायचंय. यांचं म्हणणं, थांबायचं, ज्युनियर वॉरंट ऑफिसरचं पॅनेल, म्हणजे बढतीची यादी, समोर दिसतंय, सत्तावन्नपर्यंत नोकरी आहे, मेडिकल कॅटेगरी चांगली आहे. माझं म्हणणं, चाळिशीच्या आत बाहेर पडून बँकेत लागलेली माणसं आमच्याच कॉलनीत आहेत. पेन्शनही घेतात आणि पगारही. मुलगी दहावीला आहे. पुढची पोस्टिंग कुठे येईल देव जाणे. सासरे म्हणतात वॉरंट ऑफिसर होऊन ये, गावात मान आहे. मानाचं काय करू, शाळेची फी भरून घेतात का?

बँकवाला_बापू

वहिनी, मी तोच. सार्जंट म्हणून वीस वर्षांनी बाहेर पडलो, आता एका सरकारी बँकेत क्लार्क आहे. माजी सैनिकांना क्लार्कच्या जागांत साडेचौदा टक्के आरक्षण आहे. पंधरा वर्षं नोकरी झालेली असली की पदवीची अटही सुटते. पेन्शन सुरू, वर पगार, घर एका गावात. महिन्याच्या हिशोबात माझ्यासोबतचा जो थांबला आणि ज्युनियर वॉरंट ऑफिसर झाला, त्याच्यापेक्षा मी पुढे आहे. शपथेवर सांगतो.

पण कोपऱ्यातलंही सांगतो. काउंटरवर पंचविशीतला ऑफिसर मला "अरे तुम्ही" म्हणतो. तीस जणांची शिफ्ट चालवलेला माणूस आता पासबुक छापतो. पहिलं वर्ष जड गेलं.

लोहगावकर

बापूंनी दोन्ही बाजू मांडल्या, त्यामुळे माझं काम सोपं झालं. ताई, मानाचा मुद्दा बाजूला ठेवून फरक कुठे पडतो तेवढंच सांगतो.

एक, ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, कार्डावर. सार्जंटपर्यंत जनरल वॉर्ड, ज्युनियर वॉरंट ऑफिसरपासून सेमी-प्रायव्हेट. हे आज किरकोळ वाटेल. पासष्टीला, गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी वाटणार नाही.

दुसरी गोष्ट पेन्शनची. इथे लोक एक गल्लत करतात. ८, १६ आणि २४ वर्षांना एमएसीपी मिळतं, म्हणजे २४ वर्षं झालेल्या सार्जंटला रँक न मिळताही पुढच्या लेव्हलचा पगार लागू शकतो. त्यामुळे यांनी विलिंग दिलं आणि पॅनेलला नाव नाही आलं, तरी चारेक वर्षांत पैशाच्या बाजूने बरीचशी भरपाई होते. भरपाई होत नाही ती मेसमधल्या जागेची आणि पुढे वॉरंट, मास्टर वॉरंट, ऑनररी या वाटेची. ओआरओपीच्या (वन रँक वन पेन्शन) तक्त्यांतही ऑनररीवाल्यांचा आकडा वेगळा असतो.

आणि एक बोचरं. मिलिटरी सर्व्हिस पे ऑफिसरना १५,५०० आणि त्याखालच्या सगळ्यांना, अगदी नव्या एअरमनपासून मास्टर वॉरंट ऑफिसरपर्यंत, ५,२००. जेसीओ आणि समकक्षांना जास्त द्यावा ही मागणी २०१८ च्या डिसेंबरात अर्थ मंत्रालयाने नाकारली. तेव्हा रँक वाढली की एमएसपी वाढेल असं हिशोबात धरू नका.

ओझरची_सून

काका, एमएसीपीचं यांनी मला कधी सांगितलंच नव्हतं! आज संध्याकाळी विचारते.

पार्टटाइम_पंडित

संध्याकाळी त्यांची नाइट शिफ्ट लागू दे अशी प्रार्थना करतो.

ताई, तिसरीही एक वाट आहे, कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. सार्जंट आणि त्यावरच्यांना सर्व्हिस एंट्रीने कमिशन मिळू शकतं. एसएसबी, म्हणजे ऑफिसर निवडणाऱ्या बोर्डाची मुलाखत, द्यावी लागते, वयाची मर्यादा आहे आणि जागा मोजक्या. पण मिळालं तर पहिल्या दारानेच पुन्हा आत. तुमच्या मिस्टरांनी कधी फॉर्म भरला होता का?

ओझरची_सून

एकदा भरला होता, बोर्डापर्यंत गेले, निवड झाली नाही. पुन्हा विषय काढायचा नाही असं घरात ठरलंय.

लोहगावकर

मग तो काढू नका.

असं करा. यांच्या ट्रेडमध्ये गेल्या दोन पॅनेलांना कुठल्या एन्ट्रीपर्यंतची, म्हणजे कुठल्या वर्षी भरती झालेली, माणसं ज्युनियर वॉरंट ऑफिसर झाली, ते त्यांना काढायला सांगा. रेकॉर्ड ऑफिसच्या याद्या सगळ्यांना दिसतात, त्यात गुपित काही नाही. यांचा नंबर वर्ष-दोन वर्षांत येणार असेल तर थांबण्यात अर्थ आहे. पाच वर्षं लांब असेल तर तेव्हा मुलगी कॉलेजच्या मधोमध असेल आणि पोस्टिंग ईशान्येला. बाकी दहावी-बारावीच्या मुलांसाठी कुटुंबाला जुन्या स्टेशनचं क्वार्टर काही काळ ठेवता येतं, त्याची चौकशी आजच करा. अर्ज उशिरा गेला की कुणी ऐकत नाही.

चिंचेचं_झाड

धाग्याची मालकीण म्हणून एक अपडेट. मामांनी अखेर उत्तर दिलं: "ठीक आहे, पण पायलट नाहीत ना?" पुढची बैठक रविवारी आहे. ओझरच्या ताई, तुमचा प्रश्न माझ्यापेक्षा मोठा आहे, चर्चा चालू ठेवा.

बँकवाला_बापू

वहिनी, शेवटचं. मुदत संपायला वर्ष राहिलं की बाहेरच्या नोकरीचे फॉर्म भरता येतात, परवानगी घेऊन. क्लार्कच्या परीक्षेची जाहिरात आली की भरायला लावा, गणिताचा सराव सुटलेला असतो तेवढा करून घ्या. विलिंग-अनविलिंगवर आत्ताच कशाला भांडता? परीक्षा तर देऊ द्या त्यांना. पास झाले की मग भांडा.